काळ्या दगडाचा माग

डोंगर खणून काढा! अख्खा! गजेंद्रराव महाराजांनी भर दरबारात हुकूम सोडला आणि मालजाईच्या डोंगरावरची चाळीस घरांची वाडी बसल्या जागी बेघर झाली.

कारण काय, तर एक दगड. तोफा ओतायच्या भट्टीच्या विटा दर खेपेला वितळून जायच्या. एकदा ओतारी वैतागला आणि त्यानं नदीत सापडलेला एक काळा, वजनदार दगड भट्टीत भिरकावला. विटा गेल्या, दगड जसाच्या तसा! मग भट्टी आतून त्याच दगडानं मढवायची ठरली. आज त्याला क्रोमाइट म्हणतात. तेव्हा काळा दगड म्हटलं की काम भागायचं. नदी मालजाईवरून येते, म्हणजे दगड तिथलाच. नेमका कुठला? ते शोधायची तसदी कोण घेणार! आमचे महाराज एकदा बोलले की बोलले.

"पाचशे मजूर लावा. आठ दिवसांत वाडी उठवा!"

त्या वाडीतली येसू राजवाड्याच्या मुदपाकखान्यात तांदूळ रोळायला, म्हणजे पाण्यात हलवून त्यातले खडे वेगळे काढायला, होती. तिची म्हातारी आई, दोन पोरं, सगळा संसार डोंगरावर. बातमी कानावर पडली तशी ती ओल्या हातांनीच दरबारात येऊन उभी राहिली.

"महाराज, माझं घर वाचवायला आलेय. दगड कुठंय ते मी शोधून देते. एवढा डोंगर कशाला फोडता?"

"अगं ए तांदूळवाली, चालती हो!" दिवाणजी खेकसले.

"थांबा," महाराजांना गंमत वाटली. "शोध की! पण खणून काय, कुणीही शोधेल. कुदळ लावायची नाही, पहार लावायची नाही. चुकलीस तर वाडी उठेलच, वर तुझी नोकरीही जाईल!"

"आणि सापडला तर?"

"तर तेवढीच जागा रिकामी करू. मग तिथं घर कुणाचंही असो!"

येसूनं घरची लाकडी काठवट उचलली आणि तडक डोंगराचा पायथा गाठला. तिथं दोन ओढे एकत्र येत. तिनं वाडीकडून येणाऱ्या ओढ्यातली वाळू घेतली, पाणी घातलं आणि तांदूळ रोळावेत तशी रोळली. रोज मणभर तांदूळ रोळणारी बाई ती! हलकं वाहून जातं आणि जड तळाशी बसतं, हे तिच्या मनगटांना पाठ होतं. काठवटीत काळा कणसुद्धा राहिला नाही. येसू नाचायचीच बाकी राहिली!

दुसऱ्या ओढ्याची वाळू रोळली, तर तळाशी काळी रेघ. मग काय! दर पन्नास पावलांवर वाळू घ्यायची, रोळायची, वर सरकायचं. रेघ जाड होत गेली. सहाव्या दिवशी एका वळणापुढे ती एकदम नाहीशी झाली. म्हणजे दगड वळणावरच! येसूनं मान वर करून काठाकडे बघितलं.

"अगं बाई!"

आठव्या दिवशी महाराज लवाजमा घेऊन आले. येसूनं बोट दाखवलं. "इथं एक खड्डा, दहा माणसं. निघाला तर पुढं खणा, नाही तर बुजवा."

दिवाणजींचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं दाखवलं होतं ते महाराजांच्या उन्हाळ्यात राहायच्या लाडक्या हवामहालाचं अंगण! ‘अख्खा डोंगर’ म्हणताना तो कुणाच्या ध्यानातच आला नव्हता.

कमरेइतकं खणलं आणि कुदळ खणकन वाजली. काळा दगड! त्याचा पट्टा सरळ महालाच्या पायाखाली शिरलेला.

"लबाड!" महाराज गरजले. "चोरून खणलंस!"

"मी कशाला खणू? पाऊस दरवर्षी डोंगर खणतो, ओढा माल खाली आणून देतो. मी नुसता रोळून बघितला!"

महाराज खड्ड्याकडे बघत राहिले, मग महालाकडे. आवाज खाली आला. "हा आमच्या आजोबांनी बांधलाय गं."

"वाडीही आमच्या आजोबांनीच बांधलीय, महाराज."

दिवाणजींनी डोळेच मिटून घेतले.

"मग उन्हाळ्यात आम्ही राहायचं कुठं?" महाराजांनी विचारलं.

"वाडीत या की! चाळीस घरं आहेत. कुठलंही निवडा, फक्त उठवू नका!"

महाराज आधी गालात हसले, मग पोट धरून हसले, हसता हसता खड्ड्याच्या कडेलाच बसले. त्याच जागी त्यांनी वाडीच्या नावे सनद लिहून दिली, खाणीचं काम वाडीकरांना दिलं आणि येसूला खाणीची मुकादम नेमलं. दिवाणजींना मात्र हवामहालातलं सामान मोजून बांधायला बसवलं!