पांढऱ्या जोडाची चोळी

मंडळी, ही गोष्ट फार फार जुनी आहे. आपल्या पणजीच्या पणजीलाही तिचा काळ सांगता यायचा नाही. डोंगराच्या कुशीत एक गाव होतं आणि त्या गावाची एक रीत होती. मुलीला सोळावं वर्ष लागलं, की नवरात्राच्या पहिल्या दिवशी तिने गावाच्या वेशीला तोरण बांधायचं, तेही स्वतः शिवलेली चोळी घालून. दुसऱ्या कुणाचा एक टाकासुद्धा त्या चोळीत चालत नसे.

त्या वर्षी तो मान हौसाचा होता. हौसाची आई दोन वर्षांमागे देवाघरी गेली होती. जाताना तिने याच दिवसाच्या चोळीसाठी एक हिरवा खण मागे ठेवला होता. बिघडला तर तसा दुसरा आणायचा कुठून? देणारी आईच नव्हती.

हौसा तशी शहाणी. तिने आधी बाबांच्या जुन्या धोतराची चोळी शिवून पाहिली. अंगात घातली, शिंक्यावरचं दही काढायला हात वर केला आणि टर्र! बगलेतली शिवण उसवली. "अगं बाई!" म्हणत तिने ती चोळी झटकन धान्याच्या कणगीमागे कोंबली. आई गेल्यापासून घर सांभाळणाऱ्या ठकूआत्याने पाहिली असती तर? आत्या हाताची कसबी, पण जिभेची भारी तिखट.

मग जुन्या लुगड्याची दुसरी चोळी झाली. तीही बगलेतच उसवली. "कापडच विरलेलं, त्याला मी काय करू?" असं म्हणून हौसाने तिचीही रवानगी कणगीमागे केली. नवरात्र तर तोंडावर आलेलं. शेवटी देवीचं नाव घेऊन तिने आईच्या खणाला कात्री लावली.

चोळी शिवून झाली. काय खुलून दिसत होती म्हणून सांगू! पण हात वर केला मात्र, आणि पुन्हा तीच टर्र.

हौसा मटकन खाली बसली आणि हमसून हमसून रडू लागली. "आईचा खण नासला गं, आत्या! आता कोणत्या तोंडाने वेशीवर जाऊ?"

ठकूआत्या धावत आली. आज तिच्या जिभेवर तिखट नव्हतं. तिने पोरीचे डोळे पुसले आणि विचारलं, "याआधी काही शिवून पाहिलं होतंस का?"

हौसाने खाली मान घालून कणगीकडे बोट दाखवलं. आत्याने दोन्ही चोळ्या ओढून काढल्या, धूळ झटकली आणि तिन्ही चोळ्या घोंगडीवर ओळीने मांडल्या.

"बघ बरं, कुठे कुठे उसवल्यात?"

हौसा बघतच राहिली. "आत्या, तिन्ही एकाच जागी!"

"मग? उगाच कापडाला नावं ठेवत होतीस. माप घेताना उभी कशी राहिलीस, ते दाखव."

हौसा उभी राहिली, श्वास रोखून, हात अंगाला घट्ट चिकटवून. तशी उभी असतानाच तिला सगळं उमगलं. कापड वाया जाईल या भीतीने तिने हात हलायला जागाच ठेवली नव्हती.

"वेडाबाई," आत्या म्हणाली, "पहिली चोळी घेऊन घटकाभर बसली असतीस, तर तिनेच सांगितलं असतं. आता रडणं पुरे. बगलेत चौकोनी तुकडा जोड. खण उरला नसेल तर त्या धोतराच्या चोळीतला काप. सुईला मी हात लावायची नाही हं!"

"पण हिरव्यात पांढरं दिसेल की गं."

"दिसू दे."

तोरणाचा दिवस उजाडला. सगळ्या गावासमोर हौसा पाटावर चढली. तिने दोन्ही हात उंच केले. एकही टाका हलला नाही. बगलेतले पांढरे चौकोन मात्र सगळ्यांना दिसले.

"ताई, ते पांढरं काय गं?" खालून एक चिमुरडी ओरडली.

हौसाला वाटलं, पटकन हात खाली घ्यावेत. पण तिने ते घेतले नाहीत. तोरणाची गाठ मारत ती म्हणाली, "ती माझी फसलेली चोळी, बाळ. तिनेच मला ही शिवायला शिकवली."

आत्याने पदराने डोळे टिपले आणि वर म्हणते कशी, "मेली धूळ किती उडतेय!"

तेव्हापासून त्या गावातल्या मुली फसलेली चोळी कणगीमागे टाकत नाहीत. येता-जाता नजरेला पडेल अशी खुंटीवर टांगतात.

तात्पर्य एवढंच, लहानमोठ्यांनो: चूक लपवली की ती पुन्हा घडते, आणि समोर ठेवून निरखली की तीच आपल्याला शिकवते.