पन्नास किलो जास्त

"किती जास्त?"

"पन्नास किलो," कॅप्टन शैला तोरणे म्हणाल्या.

"एवढ्यासाठी विमान अडवलंत?" तपोनाथ महाराज हसले. हसताना त्यांचं पोट आधी हलतं.

चार आसनांचं विमान, एकच इंजिन. साखर कारखान्याची आखूड धावपट्टी, तिच्या टोकाला विजेच्या तारा. दुपारचे दोन. शैलाबाईंनी सगळ्यांना काट्यावर उभं केलं होतं. स्वतः त्रेपन्न. महाराज एकशे बारा. मागच्या आसनावर बांधलेलं त्यांचं चांदीचं सिंहासन सत्तर. शिष्य लिंबाजी एक्कावन्न.

लिंबाजीच्या डाव्या डोळ्याचा पडदा सुटला होता. आज मुंबईत ऑपरेशन झालं नाही तर डोळा गेला, असं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. एकोणीस वर्षं त्याने महाराजांचे पाय चेपले. त्या सिंहासनाशेजारी जागा पहिल्यांदाच मिळाली होती.

"इंजिनाला जरा जोर लावा की."

"इंजिनाचा जोर ठरलेला असतो. त्यात या उन्हाने हवा पातळ झालीय. पंखा कमी ओढणार, पंख कमी उचलणार. वजन मात्र तेवढंच. तारांच्या आधी आपण वर उठणार नाही."

"आमच्या कृपेने..."

"कृपा काट्यावर चढली नाही, महाराज."

हसू गेलं. "आम्हाला शिकवू नका, बाई. एवढाली रॉकेटं जातात आकाशात. ती काय हलकी असतात?"

"निघताना बहुतेक वजन इंधनाचंच असतं. ते जाळून मागे फेकत जातात. रिकाम्या टाक्याही सोडून देतात. टाकतात म्हणून चढतात." त्यांनी सिंहासनाकडे बोट केलं. "तुम्ही काय टाकताय?"

...

महाराजांनी डोळे मिटले. भक्त याला समाधी म्हणतात. आत वजाबाकी चालली होती.

"लिंबाजी, उतर."

"त्यांचा डोळा जाईल!"

"ज्याची आतली दृष्टी उघडली त्याला डोळा कशाला?"

"आणि ही खुर्ची कशाला?"

"सिंहासन आहे ते. चार हजार माणसं बसलीत तिकडे वाट बघत. त्यांनी पाहायचं कशाकडे?"

लिंबाजी खरंच उतरायला लागला होता. पायरी दिसेना, पायाने चाचपडत होता. "राहू द्या, बाई. देहच ओझं... महाराज सांगतातच."

शैलाबाईंचा आवाज चढला. "बसा, लिंबाजीकाका! हलायचं नाही."

"मग इंधन काढा!"

"आणि मधेच कुणाच्या उसात उतरू?"

"तुमच्या मालकाला फोन लावतो. उद्या नोकरी राहायची नाही." महाराजांच्या गळ्यातल्या माळा उडत होत्या. "आमचं विमान आत्ता उडालं पाहिजे. सिंहासनासकट! काहीही कमी करा, कुणालाही उतरवा."

"कुणालाही?"

"कुणालाही!"

...

शैलाबाईंनी कानावरचे हेडफोन काढले. पट्टा सोडला. दार उघडून खाली उतरल्या, पंखाला वळसा घालून महाराजांच्या बाजूला आल्या आणि विमानाची चावी त्यांच्या तळहातावर ठेवली.

"त्रेपन्न किलो कमी झाले. उडवा."

महाराजांनी चावीकडे पाहिलं. समोरच्या काट्याकाट्यांच्या तबकड्यांकडे पाहिलं. मग दूरच्या तारांकडे. चावी घामाने निसटली, ती लिंबाजीने सवयीने वाकून चाचपडत शोधून दिली.

महाराजांनी ती परत शैलाबाईंपुढे धरली.

"बाई... मला यातलं काही कळत नाही."

एकोणीस वर्षांत लिंबाजीने त्यांच्या तोंडून ऐकलेलं पहिलं खरं वाक्य.

शैलाबाईंनी दार पूर्ण उघडून धरलं.

"मग उतरा. सिंहासन मी पोचवते."