फळ्यावरचा संकल्प

“पण बाई, यात चूक कुठे आहे, तेवढं तरी सांगा.”

पद्मनाभने खडू ठेवला आणि हात झटकले. त्याच्या जर्मन वाक्याने फळ्याच्या तीन ओळी भरल्या होत्या.

कुमुदबाई आगाशेंनी ते वाक्य पुन्हा एकदा वाचलं. चाळीस वर्षं त्या पुण्यात घरच्या घरी जर्मन शिकवतात. त्यांचा एक रिवाज आहे. जर्मनीला निघालेल्याने शेवटच्या तासाला आपला एक संकल्प फळ्यावर लिहायचा. तो खरा हवा. रोज व्यायाम, पहाटे उठणं, असली थापेबाजी त्या चालवून घेत नाहीत.

पद्मनाभ आमच्या वर्गात सगळ्यांत हुशार, आणि हे आम्ही विसरू नये म्हणून तो बरीच मेहनत घेई. शनिवारी त्याचं विमान होतं. त्याच्या वडिलांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान दोन गल्ल्या पलीकडे. दोन वर्षांपूर्वी भर गिऱ्हाइकांसमोर तो त्यांना ‘अडाणी’ म्हणाला आणि घर सोडून खोलीवर राहायला गेला. तेव्हापासून दोघांत अबोला. आम्हाला सगळ्यांना ते माहीत होतं.

“मराठीत सांग,” बाई म्हणाल्या.

“मी बाबांना भेटायला जाईन, जर ते आधी बोलले तर, जरी चूक दोघांची होती तरी, कारण मी शनिवारी निघालोय.”

मराठीत ते ओढूनताणून वाटलं, पण जर्मनमध्ये झकास होतं. वेन, ओबवोल, वाइल. जर, जरी, कारण. यातला एकेक शब्द आला की पुढचं क्रियापद उचलून शेवटी न्यावं लागतं. आम्ही तिथेच माती खातो. याने तिन्ही बिनचूक नेली होती.

“पैकीच्या पैकी,” बाई म्हणाल्या आणि ओलं फडकं घेऊन उठल्या.

“बाबा आधी बोलतील?”

“...नाही. त्यांचा स्वभाव नाही तो.”

बाईंनी वेनचा तुकडा पुसला.

“चूक दोघांची होती?”

पद्मनाभ बोटांवरची खडूची भुकटी बघत राहिला.

“माझी होती.”

ओबवोलही गेला.

“शनिवारी निघाला नसतास, तर भेटावंसं वाटलं नसतं?”

“रोज वाटतं, बाई...”

वाइल गेला. फळ्याच्या कोपऱ्यात एवढंच राहिलं: मी बाबांना भेटायला जाईन.

पद्मनाभ कसनुसं हसला. “हे तर पहिल्या महिन्यातलं वाक्य झालं. यात अवघड काहीच नाही.”

“मग वाच.”

त्याने वाचायला सुरुवात केली. ‘बाबांना’पर्यंत आला आणि थांबला. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिथेच अडला. मला त्याचा मनापासून राग यायचा, पण त्या क्षणी त्याच्याकडे बघवेना.

बाईंनी दार उघडलं. तो चपलांपाशी जाऊन थांबला.

“बाई... एवढंसं वाक्य. हे इतकं अवघड कसं झालं?”

“सोपं होतं तेवढंच पुसलंय मी. जा, दुकान उघडं असेल अजून.”