सुपडू मॅनेजरचा हंगाम

तापीकाठी वाघझिरे नावाच्या गावात एक भोळा गडी होता. त्याचं नाव सुपडू. वय तिशीचं, अंग पहिलवानाचं, आणि स्वभाव असा की सांगाल तसंच करणार आणि सांगाल तेवढंच करणार. एकदा आई म्हणाली, "सुपडू, पाहुण्यांना विचार, चहा घेणार का?" सुपडूनं जाऊन विचारलं आणि परत येऊन पाय पसरून बसला.

"काय म्हणाले?" आईनं विचारलं.

"विचारायला सांगितलं होतंस. ऐकायला कुठं सांगितलंस?"

असा सुपडू.

या गावात बेसबॉल खेळत. शाळेचे देवरे सर शहरातल्या शिबिरात हा खेळ शिकून आले होते आणि त्यांनी तो गावातल्या पोरांना शिकवला होता. खेळ सोपा. मैदानात चार कोपऱ्यांवर चार पाट्या. बॅटनं चेंडू टोलवायचा, एकेक पाटी गाठत पळायचं आणि जिथून निघालो तिथं परत यायचं. त्या शेवटच्या पाटीला घर म्हणायचं. घरी पोचला की एक धाव. दिवाळीनंतर हंगाम सुरू व्हायचा तो होळीपर्यंत चालायचा. दर रविवारी आसपासच्या एखाद्या गावाशी सामना, आणि शेवटी जिंकेल त्या गावाला कप.

त्या वर्षी सरपंचांनी सांगून टाकलं होतं, "यंदा कप आला तर मैदान पोरांचं. नाही आला तर तिथं बैलबाजार भरणार."

आणि नेमके हंगामाच्या तोंडावर देवरे सर जाळी बांधताना शिडीवरून पडले. पाय मोडला. मांडीपर्यंत प्लास्टर. आता संघ कोण सांभाळणार? गावात खेळता येणारे सगळे संघात होते. एकटा सुपडू तेवढा मोकळा होता. तो दर रविवारी पाण्याचे हंडे वाहायचा, म्हणून खेळ त्यानं कधी धड पाहिलेलाच नव्हता.

सरांनी त्याला बोलावलं. "सुपडू, आजपासून तू मॅनेजर. कुणी कितव्या नंबरला बॅट घ्यायची ते तू ठरवायचं. मी सांगतो तसं करशील?"

"तसंच करीन, सर."

"मग ऐक. जो सगळ्यात जास्त पळतो, त्याला पहिला पाठव."

सुपडूनं खूप विचार केला. गावात सगळ्यात जास्त कोण पळतं? चुडामण. चुडामण शाळेतून पळायचा. शेतातून पळायचा. स्वतःच्या साखरपुड्यातून पळाला होता. सुपडूनं चुडामणच्या हातात बॅट दिली.

समोरच्यानं पहिला चेंडू टाकला. चेंडू सूं करत आला. चुडामणनं बॅट टाकली आणि तो पळाला. पाट्यांकडं नाही, नदीकडं पळाला. तो मंगळवारी घरी आला. सामना गेला.

सर कपाळावर हात मारून म्हणाले, "अरे सुपडू, पळपुट्याला पाठवायचं नसतं! चेंडू अंगावर आला तरी जो जागचा हलत नाही, त्याला पाठवायचं असतं."

"पुढच्या वेळी तसंच करीन, सर."

पुढच्या रविवारी सुपडूनं आत्मारामला पहिला पाठवला. आत्माराम म्हणजे जात्याचा खालचा दगड. एकदा बसला की उठायचा नाही, उभा राहिला की बसायचा नाही. सुपडू त्याच्या कानात म्हणाला, "जागचा हलू नकोस. सरांनी सांगितलंय."

चेंडू आला. आत्मारामनं असा टोला हाणला की चेंडू मैदानाच्या टोकाला बाभळीत जाऊन अडकला. लोक ओरडले, "पळ, आत्माराम, पळ!"

आत्मारामनं सुपडूकडं पाहिलं. सुपडूनं मान हलवली. नाही.

समोरच्या संघातला एक जण बाभळीवर चढला. काटे काढत काढत खाली उतरला. वाटेत पाणी प्यायला. चालत आला आणि त्यानं पहिल्या पाटीवर चेंडू टेकवला. आत्माराम बाद. हाही सामना गेला.

आता पोरं वैतागली. लोटन हा संघाचा चेंडू टाकणारा. तो सरांकडं गेला. "सर, सुपडूला काढा."

"कसा काढू?" सर म्हणाले. "वीस वर्षं मास्तरकी केली. माझं इतकं कुणीच ऐकलेलं नाही."

मग त्यांनी सुपडूला जवळ बसवलं आणि गोड आवाजात सांगितलं, "बाळा, टोला मारल्यावर पळायचं असतं. आणि पळणाऱ्याला घरी आणायचं असतं. माणूस घरी आणणं, हेच मॅनेजरचं खरं काम."

"हे आधी सांगायचं ना, सर! घरी आणतो की."

तिसऱ्या सामन्यात भटूनं सुरेख टोला मारला. तो पहिली पाटी ओलांडून दुसरीवर गेला, दुसरीवरून तिसरीवर पोचला. आता घर अगदी समोर. तेवढ्यात सुपडू सायकल घेऊन मैदानात आला.

"बस दांडीवर."

"कशाला?"

"घरी नेतो."

"अरे, ते काय समोर दिसतंय! पळत जातो ना!"

"पळतोस कशाला? सायकल आहे की." सुपडूनं त्याला उचलून दांडीवर बसवलं आणि थेट गावातल्या घराच्या दारात उतरवलं.

भटूची आई म्हणाली, "आज लवकर सुटला गं बाई खेळ." तिनं दोघांना ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढला. दोघं खाऊन परत आले, तर मैदानात कुत्रं सुद्धा नव्हतं.

त्या दिवशी सर खरंच रागावले. "अरे, ते घर नव्हे! मैदानावरची ती पांढरी पाटी म्हणजे घर! घर म्हटलं की ती पाटी! दुसरं घर डोक्यातून काढून टाक!"

सुपडूच्या डोळ्यांत पाणी आलं. "काढलं, सर," तो म्हणाला. आणि त्यानं खरंच काढून टाकलं.

यानंतर पोरं शहाणी झाली. सामना सुरू झाला की सुपडूला म्हणायची, "मॅनेजरसाहेब, पाणी संपलं." सुपडू हंडे घेऊन नदीवर जायचा, आणि पोरं सामना जिंकायची. असे बरेच सामने जिंकले. पण हंगाम लांबलचक. खेळून खेळून लोटन तापानं फणफणला.

सर म्हणाले, "लोटनला घरी झोपव. चांगलं पांघरूण घाल. उठू देऊ नकोस."

रविवारी सकाळी सुपडूनं लोटनला गादीसकट खांद्यावर घेतलं, मैदानावर आणलं आणि पांढऱ्या पाटीवर गादी अंथरून झोपवलं. वरून गोधडी घातली.

पंच आले. "हा कोण?"

"लोटन."

"इथं काय करतोय?"

"घरी झोपलाय. ताप आहे त्याला. हळू बोला."

पंचांनी लोटनच्या कपाळाला हात लावला. ताप होता. आजारी माणसाला उठवायचं कसं? सामना तसाच सुरू झाला. समोरचा गडी तिन्ही पाट्या ओलांडून धावत आला आणि गादीच्या पायथ्याशी थांबला. पाटी गादीखाली. पंच म्हणाले, "घरी पोचला नाहीस. धाव नाही." आपल्या पोरांचंही तेच झालं. दोन्हीकडं भोपळा. सामना बरोबरीत सुटला आणि आधीचे विजय जास्त म्हणून वाघझिरे अंतिम सामन्यात गेलं. लोटनचा तापही उतरला.

आता अंतिम सामना शेलवाड्याशी, त्यांच्याच गावात. सरांना काही जाता येणार नव्हतं. त्यांनी सुपडूचा हात हातात घेतला.

"सुपडू, आता एकच सांगतो. हंगामभर पोरं राबलीत. दमलेल्याला बाकावर बसवायचं आणि ताज्या गड्याला आत घालायचं. लाजायचं नाही. कोण आहे, कोणाचा आहे, बघायचं नाही. दमलेला बाहेर, ताजा आत."

"दमलेला बाहेर, ताजा आत," सुपडू म्हणाला. जीपमध्ये वाटभर तो तेच घोकत होता.

सामना चुरशीचा झाला. शेवटच्या डावापर्यंत वाघझिऱ्याची एक धाव जास्त. आता शेलवाड्याचा एक गडी बाद केला की कप आपला. पाणी भरपूर होतं, म्हणून सुपडू मैदानातच होता.

त्यानं आपल्या पोरांकडं पाहिलं. घामानं निथळत होती. "लोटन, दमलास?"

"विचारू नको बाबा. मेलो."

सुपडूनं पलीकडं पाहिलं. शेलवाड्याची पाळी बॅट घ्यायची होती, त्यामुळं त्यांचा एक गडी बॅट घेऊन उभा आणि बाकीचे सगळे बाकावर आरामात बसलेले. शेंगा खात होते. कसे टवटवीत दिसत होते!

सुपडूनं आपल्या सगळ्या पोरांना बाहेर बोलावलं आणि शेलवाड्याच्या बाकाकडं जाऊन म्हणाला, "चला, तुम्ही आत."

"अरे सुपडू, ते त्यांचे आहेत!" लोटन ओरडला.

"असू दे. ताजे आहेत."

पंचांनी नियमांचं पुस्तक उघडलं. इतकं वेडेपण कुणी करील असं पुस्तक लिहिणाऱ्याला वाटलंच नव्हतं, म्हणून त्यात मनाई नव्हती. शेलवाड्याचे मास्तर तर आनंदानं उभेच राहिले. "जाऊ द्या हो, पंच! त्यांचा मॅनेजर म्हणतोय तर जाऊ द्या!"

शेलवाड्याचे गडी हसत हसत मैदानात पसरले. त्यांच्याच माणसानं त्यांच्याच माणसाला चेंडू टाकला, तोही ताटात पोळी वाढावी तितक्या हलक्या हातानं. बॅटवाल्यानं जोरात हाणला. चेंडू आभाळात गेला, आणि खाली आला तो बरोबर भिलाच्या डोक्यावर. हा भिला शेलवाड्याचा सगळ्यात पक्का झेल घेणारा. हंगामभर त्याच्या हातून एक चेंडू सुटला नव्हता.

"सोड, भिला!" मास्तर ओरडले. "सोड रे!"

भिलाला सोडायचाच होता. पण हात ऐकतात का? ते आपोआप वर गेले. चेंडू टप्पकन हातात.

"बाद!" पंच म्हणाले. "वाघझिरे विजयी!"

फोन गावात पोचला. वाघझिऱ्यात हलगी वाजायला लागली. सरपंच स्वतः म्हणाले, "मैदान पोरांचं! आता बैल बसतील दुसरीकडं!" वांगी भाजून भरीत झालं, पुऱ्या तळल्या. देवरे सर कुबड्या घेऊन वेशीपर्यंत आले. हातात हार. डोळे भरलेले.

जीप आली. पुढं सुपडू, छाती काढून. मागून एकेक गडी खाली उतरायला लागला. पहिला भिला उतरला. मग बाकीचे. सगळे माना खाली घालून, ओशाळून उभे राहिले; त्यांचे मास्तर तर जीपमध्येच बसून राहिले.

हलगी थांबली.

"सुपडू," सर हळूच म्हणाले, "जिंकलं कोण?"

"आपण, सर."

"मग हे कोण?"

"आपलेच, सर. ताजे. जेवायला चला म्हटलं, तर आले."

"आणि आपली पोरं?"

"शेलवाड्याला बाकावर बसवलीत. उठू नका म्हणून सांगितलंय. फार दमली होती. कपही त्यांच्याजवळच आहे."

सर तिथंच दगडावर मटकन बसले. कुबड्या एकीकडं, हार एकीकडं.

सुपडूला वाईट वाटलं. त्यानं वाकून मायेनं विचारलं, "दमलात का, सर?"

"दमलो रे बाबा," सर म्हणाले. "पुरता दमलो."

सुपडूनं मान डोलावली. खाली पडलेला हार उचलला, झटकला आणि जीपकडं वळून हाक मारली,

"शेलवाड्याचे मास्तर, या तुम्ही. आमचे सर दमलेत."