खणखणीत विद्यार्थिनी

राजा विक्रांतसेनाच्या विद्यालयाची फी होती शंभर मोहरा. ती भरता येत नाही म्हणून कुणाला नाकारायचं नाही, असा खुद्द राजाचा हुकूम होता. "विद्यार्थी वाजवून घ्या, ऐपत बघू नका," असं त्याने बजावलं होतं. आचार्य विश्वंभरशास्त्री हुकमाला इतके पक्के, की परीक्षा घेताना डोळ्यांवर चक्क पट्टी बांधत. कान मात्र उघडे. कान बांधायला राजाने कुठे सांगितलं होतं?

समोर बसणाऱ्याच्या कमरेची थैली खणखणली, की आचार्य मायेने विचारत, "बाळ, गाईला पाय किती?" थैली गप्प राहिली, की विचारत, "नदीकाठच्या वाळूचे कण किती?" त्यामुळे दरवर्षी राज्यातली सगळी हुशार पोरं नेमकी सावकारांच्याच घरी जन्मलेली निघत. राजाला या निःपक्षपाती परीक्षेचा कोण अभिमान!

कुंभाराची सगुणा गेल्या वर्षी वाळूपाशीच अडली होती. दुसऱ्यांदा नापास झालं की विद्यालयाचं दार कायमचं बंद, आणि शिकायचं तर तिने मनाशी पक्कं केलेलं. यंदा तिने भट्टीत कडक भाजलेल्या खापऱ्या वेचून थैलीत भरल्या आणि आचार्यांसमोर बसताना कंबर जरा जास्तच हलवली.

आचार्यांचा चेहरा उजळला. त्यांनी आठवड्याचे वार विचारले. ती सात म्हणाली. अशी बुद्धी शतकातून एकदाच दिसते, असं म्हणत त्यांनी तिथल्या तिथे प्रवेश दिला, पट्टी सोडली आणि थैली हातावर उपडी केली.

मग काय, शास्त्रीबुवा तिला घेऊन तडक दरबारात! फसवणूक, गुरुद्रोह, घोर कलियुग, सगळं सांगून झालं. राजानेही डोळे वटारले.

सगुणा म्हणाली, "महाराज, मी फक्त सात म्हणाले, आणि उत्तर बरोबर होतं. थैलीत काय आहे ते मी सांगितलं नाही, आचार्यांनी विचारलं नाही. ऐपत बघायचीच नव्हती, तर मोहरा निघाल्या नाहीत म्हणून आचार्यांना राग का यावा?"

दरबारात कुणीतरी उगाच खोकलं. राजाच्या ध्यानात सगळं आलं, पण भर दरबारात हार मानेल तो राजा कसला? तो म्हणाला, "माझ्या विद्यालयाची अब्रू गेली ती तुझ्या या खापऱ्यांमुळे. याची शिक्षा तुलाच होणार. सुटायचं असेल तर आत्ताच काय ते बोल."

"आपण सांगितलंत विद्यार्थी वाजवून घ्या, आचार्यांनी थैली वाजवून घेतली. खापर माझं आहे, कबूल. पण महाराज, ते माझ्याच डोक्यावर फोडू नका!"

राजा इतका हसला की मुकुट सावरावा लागला. सगुणाच्या सगळ्या शिक्षणाची फी त्याने माफ करून टाकली आणि आचार्यांना नदीकाठी वाळू मोजायला धाडलं.