हत्तिणीची खुशाली

फार जुनी गोष्ट. एका राजाला प्राण्यांचा भारी नाद होता. राजवाड्यामागे त्याने मोठी बाग केली होती आणि तिथे वाघ, अस्वल, माकडं, मोर असे नाना जीव आणून ठेवले होते. राजा दुष्ट नव्हता. कुणी उपाशी राहू नये, कुणाला मार बसू नये, असा त्याचा कडक हुकूम होता. त्यापलीकडे प्राण्याला आणखी काही लागत असेल, हे मात्र त्याच्या डोक्यात कधी आलं नाही. तसं ते पुष्कळांच्या येत नाही.

त्या दरबारात एक रीत होती. रोज सकाळी बागेतले राखणदार रांगेने उभे राहत आणि राजा एकेका प्राण्याची खुशाली विचारी. उत्तर एका शब्दात द्यायचं, कारण राजाला पुढे बरीच कामं असत.

“वाघ?”

“फिरतोय, महाराज.”

वाघ या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दिवसभर येरझारा घालायचा. दरबारी मंडळी त्याला गमतीने वाघोबांची शतपावली म्हणत.

“हत्तीण?”

“डोलतेय, महाराज,” हत्तिणीचा माहूत सांगे.

हे ऐकलं की राजाचा चेहरा खुलायचा. “पीक डोलतं ते दाणा भरला की. माणूस डोलतो तो गाणं रंगलं की. माझी हत्तीण रोज डोलते, म्हणजे बघा ती किती सुखात आहे!” असं तो आल्यागेल्याला ऐकवी. खूश होऊन त्याने माहुताला जरीकाठी शेला दिला होता. बाजाराच्या दिवशी लोक बायकापोरांना घेऊन येत आणि हत्तिणीच्या डोलण्यावर टाळ्यांचा ठेका धरत.

माहुताचाही तिच्यावर जीव होता. विटेच्या तुकड्याने घासून तो तिला आंघोळ घाली, आपल्या भाकरीतला तुकडा तिच्या सोंडेत देई. ती लहान असताना रानातून पकडून आणलेली. पायात साखळी घालून तिला खुंट्याला बांधलं, तेव्हा पहिलं वर्षभर ती ओरडली. मग एक दिवस ओरडणं थांबलं आणि डोलणं सुरू झालं. माहुताला वाटलं, रुळली बिचारी.

एकदा रानाकाठच्या वस्तीवरून एक म्हातारी चाऱ्याचा भारा घेऊन आली. भारा टाकून ती घाम पुसत हत्तिणीसमोर बसली आणि बराच वेळ बघत राहिली.

“बाबा, हिला झालंय काय?”

“काय व्हायचंय? डोलतेय. मजेत आहे.”

“न्हाई रं,” म्हातारी म्हणाली. “ही डोलत न्हाई. ही चालतीया.”

माहूत हसला. “जागची हलत नाही, आणि चालतेय म्हणे!”

“पायाकडं बघ की तिच्या. आमच्या रानात यांचा कळप दिसभर चालतो. ह्यो पाय उचलला की त्यो टेकतो. हिचंबी तसंच चाललंय. पाय उचलती, पर टाकायला जागा न्हाई, म्हणून पुन्हा तिथंच ठेवती. आणि तोंड बघ कुठं केलंय.”

माहुताने पहिल्यांदाच पायांकडे नीट पाहिलं. डावा उचलला, तिथेच टेकला. उजवा उचलला, तिथेच टेकला. तोंड डोंगराकडे होतं, जिथून तिला आणलं होतं. इतकी वर्षं हे जनावर चालत होतं, आणि आपण टाळ्या वाजवत होतो!

दुसऱ्या दिवशी खरं काय ते सांगायचंच, असं ठरवून तो दरबारात गेला. त्या दिवशी नेमके शेजारच्या राज्यातले पाहुणे आले होते. राजाने मोठ्या कौतुकाने विचारलं, “सांग रे पाहुण्यांना, आमची हत्तीण काय करतेय?”

माहुताच्या ओठांवर ‘चालतेय’ हा शब्द आला. त्याने राजाचा हसरा चेहरा पाहिला, पाहुण्यांच्या उंचावलेल्या माना पाहिल्या. हात नकळत खांद्यावरच्या शेल्याकडे गेला.

“डोलतेय, महाराज.”

उद्या सांगू, असं त्याने मनाला बजावलं. पण खोटा शब्द एकदा सोपा झाला की रोज सोपा होतो. दोन वर्षं गेली.

मग एका उन्हाळ्यात हत्तीण थांबली. पाय हलेनात, सोंड लोंबलेली, पुढ्यातला चारा तसाच. दरबारात विचारणा झाली तेव्हा माहूत म्हणाला, “उभी आहे, महाराज.” आणि तिथेच रडू लागला. त्याने सगळं सांगितलं, म्हातारीचं म्हणणंसुद्धा.

राजा हळू आवाजात म्हणाला, “मी रोज विचारत होतो ना रे तुला?”

“होय महाराज. पण तुम्ही उत्तर ठरवूनच विचारायचात. आणि मीही तुम्हाला आवडेल तेच सांगायचो.”

राजाने मान खाली घातली. त्याच दिवशी साखळी तोडून हत्तिणीला रानाकाठी नेलं. माहूत सोबत होता. पुढे मोकळं रान होतं, लांबून कळपाची हाक आली. हत्तिणीने कान उभारले. पाय उचलला. तिने तो पाय पुन्हा तिथेच ठेवला. मग दुसरा उचलला, आणि तिथेच ठेवला.

चाऱ्याची म्हातारी झोपडीबाहेर आली. तिने हत्तिणीच्या पायावरून हात फिरवला. “लई उशीर केलास, बाबा,” एवढंच म्हणाली.

माहूत परतला नाही. पुढे तीन वर्षं तो रोज तिच्यापुढे ऊस धरून उलटा चालायचा. ती ओढ्यापर्यंत चालायला शिकली. ओढ्यापलीकडे कधी गेली नाही, आणि एका थंडीत ओढ्याकाठीच तिने प्राण सोडला. राजाने बागेचे बाकी पिंजरे उघडले, नवे प्राणी आणणं बंद केलं. पण त्या हत्तिणीचं आयुष्य काही कुणाला परत देता आलं नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी माहूत म्हातारा होऊन घरी आला. दिवसभर ओट्यावर बसून असायचा आणि बसल्या बसल्या त्याचं अंग मागेपुढे हलायचं. येणारेजाणारे म्हणत, “आजोबा बघा कसे खुशीत डोलताहेत!”

एकदा हे ऐकून त्याची सून बाहेर आली. हातातलं सूप बाजूला ठेवून त्याच्याजवळ बसली. “मामंजी, काय होतंय तुम्हाला?” असं तिने विचारलं, आणि उत्तर येईपर्यंत उठली नाही. म्हाताऱ्याने तिचा हात धरला.

“हे मी तिला एकदा तरी विचारायला हवं होतं गं.”

तात्पर्य: मुक्या जिवाची खुशाली आपल्या सोयीच्या शब्दाने ठरवू नये. जवळ बसून नीट पाहावं, आणि जे दिसेल ते त्याच दिवशी बोलावं.