ठकूचा टेका

चिखलवड्याच्या खिंडीतून जी पायवाट कोकणात उतरते, तिच्या अर्ध्यावर, ऐन उभ्या चढावर, छातीइतक्या उंचीचा एक दगडी ओटा आहे. चुना नाही, माती नाही, नुसते नारळाएवढे दगड ओळीने रचलेले. घाट चढून येणारी शहरातली मंडळी तिथे पोचली की पाठीवरच्या सॅक त्यावर ठेवतात, पाणी पितात आणि हमखास विचारतात, हे कुठल्या देवाचं ठाणं? वाट दाखवायला बरोबर आलेले भिकोबा उत्तेकर गालातल्या गालात हसतात. वय ऐंशीच्या पुढे, पण चढाला दम लागत नाही, आणि लागला तरी कबूल करायचे नाहीत. "द्येवबिव काय न्हाई," ते म्हणतात. "आमच्या ठकूचा टेका हाय त्यो. बसा, सांगतो."

ही गोष्ट किती पिढ्यांमागची ते भिकोबांनाही ठाऊक नाही. मोटाररस्ता नव्हता तेव्हाची, एवढं नक्की. कोकणातलं मीठ आणि सुकट डोक्यावरून वर चढायचं, वरची नाचणी आणि हिरडा खाली उतरायचा. ठकूचा नवरा नावजी याच वाटेवर ओझी वाहायचा. डोक्यावर भरलेलं ओझं असलं की माणसाची एक अडचण होते, ती मोकळ्या हातांनी चालणाऱ्याला कळत नाही. एकट्याला ते जमिनीवर टाकता येतं, पण परत डोक्यावर घेता येत नाही. हात द्यायला दुसरं कुणी लागतं. म्हणून एकटा माणूस पाय लटपटत असले तरी चालतच राहायचा. तसाच चालता चालता एका भाद्रपदात नावजी या चढावर कोसळला आणि मिठाचं पोतं त्याच्या मांडीवर आलं. चौघांनी झोळीत घालून त्याला घरी आणला. हाड सांधलं म्हणे, पण पायात जीव काही आला नाही. ठकूने टेकू दिला तरी तो उभा राहीना.

गाव म्हणालं, घाटजाईला बोकड कबूल कर. ठकूकडे बोकड कुठला! एक कोंबडी होती, तीही अंड्यांवर बसलेली. दसऱ्याला ठकू देवीपुढे हात जोडून उभी राहिली आणि जे जवळ होतं तेच तिने देऊ केलं. "आई, त्या चढावं हजार वझ्यांना हात दीन. चैताच्या पुनवंचा दिस मावळायच्या आत. तू ह्यांना पायावं हुबं कर."

घरी आल्यावर नावजीने बाजेवरूनच विचारलं, "हजार म्हंजी किती, ठावं हाय का तुला?"

ठकूला विसापुढे मोजता येत नव्हतं. नावजीने सांगितलं, विसाच्या पन्नास ओळी. ठकूचा चेहरा पडला, पण शब्द तर देऊन झाला होता. मग तिने आपली रीत काढली. एका ओझ्याला हात दिला की ओढ्यातला एक दगड आणून वाटेकडेला ठेवायचा. वीस झाले की एक ओळ पुरी. पहिल्या ओळी शेजारीशेजारी मांडल्या, मग त्यांच्यावर दुसऱ्या. ठकूचा हात नीटनेटका. तिच्या घरची लाकडंसुद्धा कधी वाकडी रचलेली दिसायची नाहीत, तर नवसाचे दगड कसे वाकडे ठेवील?

रोज सकाळी भाकरी थापून, नावजीचं सगळं उरकून ती चढावर जाऊन बसायची. माणूस दिसला रे दिसला की धावायची. ओझं उतरवायची, पाणी द्यायची, त्याने दम खाल्ला की पुन्हा डोक्यावर चढवून द्यायची. तोंडाने मात्र फटकळ. "येवढं भरलंस कशापायी? बैल हायेस का?" असं म्हणत म्हणत हात द्यायची. एकदा तर तिने एका पाहुण्याच्या काखेतली पिशवी ओढून खाली ठेवली आणि दगड मांडून मोकळी झाली. रात्री नावजी हसून हसून लोळायचा बाकी राहिला. "आगं, ते वझं नव्हं. त्यात त्याचं धोतार आसंल." ठकू रुसली खरी, पण दुसऱ्या दिवशी सगळ्यांत आधी तो दगड काढून आली. देवीशी खोटं नको.

शिमगा आला तोवर ओळींवर ओळी चढून ढीग छातीला लागला होता. आता एखादीच ओळ उरली होती, आणि तिथेच ठकूचं गाडं अडलं. एका सकाळी घाट चढून आलेला पहिला गडी तिच्याकडे वळायच्या आधी त्या ढिगाकडे वळला. त्याने पाठ ढिगाला लावली, डोक्यावरचं पोतं अलगद मागे टेकवलं, मान मोकळी केली, घाम पुसला. मग खांदे खाली घेऊन पुन्हा पोत्याखाली मान घातली आणि चालू लागला. कुणाचा हात लागला नाही. "झ्याक टेका केलायस, वयनी," एवढं मात्र जाताना म्हणाला.

मग सगळेच तसं करायला लागले. ठकू खाली वळणावर जाऊन उभी राहिली, तर माणसं म्हणायची, "ऱ्हाऊ दे बाय, वर टेका हाय, तितवर जातो." म्हाताऱ्याकोताऱ्यांना, बुटक्यांना तेवढी तिची गरज लागे. दिवसाला एखादा दगड पडे, कधी तोही नाही. रडतखडत, पुनवेच्या आदल्या सांजेला शेवटच्या ओळीत एकोणीस दगड झाले. एक राहिला.

ती रात्रभर तळमळली म्हणे. सकाळी नावजी झोपेत असतानाच पहार घेऊन निघाली. ढीगच नसला तर पहिलं येईल ते माणूस तिलाच हाक मारील, असा तिचा हिशेब होता. एका ओझ्याचा तर प्रश्न! नवऱ्याचा पाय मोठा की दगड? तिने वरच्या दोन ओळी ढकलल्या, तिसरीत पहार घातली, आणि खालून मिठाची पाटी घेतलेली एक बाई आली. पाठीला झोळीत तान्हं पोर बांधलेलं.

"आगं आगं, कोन म्हनायचं तू?" बाई ओरडली. "कशापायी मोडतीस?"

ठकूने पहार टाकली आणि तिची पाटी उतरवली. बाई मटकन बसली. पोराला पाजायला घेतलं आणि धाप टाकत सांगू लागली, "मागल्या म्हैन्यात दिस मोडताना हितंच चक्कर आली मला. वाटंला कुत्रं नव्हतं. पाटी टाकली आसती तर मीठ जातं, न्हाई टाकली तर म्या न् ह्यो पाठीवरचा दोगंबी दरीत. त्या ढिगावं टेकवली, पोराला घिऊन निजले. कुना पुन्यवानानं रचला, त्याचं भलं हुवो, आसं म्हनत हुते, न् तू मोडाया निगालीस!"

ठकूला वर बघवेना. ती रोज दिस मावळायच्या आधी घरी जायची. ती गेल्यावरही या वाटेने कुणी चढतं, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिने बाईला पाटी चढवून दिली, पण दगड काही ठेवला नाही. आपणच आसरा मोडायचा आणि आपणच हात पुढे करायचा, हे नवसात कसं धरायचं? पाठमोरी बाई वळणाआड गेली तेव्हा ठकू मोठ्याने रडली. मग डोळे पुसून दरीच्या उतारावर गडगडलेले दगड एकेक करून वर आणले आणि सगळ्या ओळी होत्या तशा लावल्या. यात दोन प्रहर गेले. एक जागा मोकळीच राहिली.

नवस बुडाला, आता देवीला काय तोंड दाखवायचं आणि घरी काय सांगायचं, या विचारात ती खाली रानात शिरली. चूल काही नवसासाठी थांबत नाही. तिने लाकडं तोडली, मोळी बांधली, कशीबशी झाडाच्या बुंध्याला टेकवून डोक्यावर घेतली आणि चढाला लागली. ऊन कलतं झालं होतं. टेक्यापाशी कुणीतरी उभं होतं. एका हातात काठी, गुडघे खरचटलेले, धोतर मातीने माखलेलं.

नावजी होता.

ठकू मोळीसकट थबकली. "आवं... तुमी? चालत?"

"मंग काय उडत? जरा चाललो, जरा घसरलो." मीठवाली वर त्यांच्याच गावातून गेली होती. कोणी बाई टेका मोडतीय आणि रडतीय, एवढं तिने दारातून सांगितलं होतं. बाकीचं नावजीला सांगावं लागलं नाही. ठकूला एकटीला तिथे राहू द्यायचं नाही, एवढ्या एकाच विचाराने तो बाजेवरून उतरला होता. पाय साथ देतो की नाही, हे बघायला त्याला सुचलंच नाही.

ठकू मोळी टेक्याला लावायला वळली. "थांब," नावजी म्हणाला. त्याने पाठ दगडांना रेटली, काठी सोडली आणि दोन्ही हात वर करून तिच्या डोक्यावरची मोळी उतरवली. सहा महिने ती दुसऱ्यांची ओझी उतरवत होती. तिच्या डोक्यावरचं कुणी उतरवलं नव्हतं, आणि हे तिलाही तेव्हाच कळलं. ती त्याच्या खांद्याला डोकं लावून पोरीसारखी हुंदके देत राहिली.

"आता दगूड आन," नावजी म्हणाला. "हजारावं वझं माज्या वाटनीचं."

सूर्य डोंगराला टेकत होता तेव्हा दोघांनी मिळून तो ठेवला. नवस फिटला म्हणून नावजी चालला, की नावजी चालला म्हणून नवस फिटला, यावर गावात अजूनही वाद होतात. भिकोबा कुणाच्याच बाजूने बोलत नाहीत.

आजही चिखलवड्यात दसऱ्याला घाटजाईपुढे बोकड कबूल करत नाहीत. माणसं आकडा सांगतात, मुदत चैत्राच्या पुनवेची. कुणी शेजारच्या म्हातारीचं अकरा वेळा पाणी भरीन म्हणतं, कुणी पाच आजाऱ्यांना तालुक्याच्या दवाखान्यात पोचवीन म्हणतं. मात्र त्यातलं शेवटचं काम कुणी आपल्या हाताने करायचं नसतं. एक उणं ठेवायचं. दुसऱ्या कुणी आपल्यासाठी काही करायला आलं की ते निमूट करू द्यायचं, मग आकडा पुरा होतो.

भिकोबांनी गेल्या साली एकवीस कामं सांगितली होती. वीस माघातच झाली. एकविसावं राहून राहून राहिलं, कारण कुणी काही करू म्हटलं की हे 'नको' म्हणून हात झटकायचे. शेवटी पुनवेच्या दिवशी, दिवस मावळायला आला तेव्हा त्यांची सून सुलभा कोमट पाण्याची बादली घेऊन आली, त्यांचे पाय मांडीवर घेतले आणि नखं कापायला बसली.

"लई अवघड हुतं वो," भिकोबा म्हणतात. "पन गप बसलो."